साडेनऊचं विमान

आमच्या घरात घड्याळ नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नव्हतं, कारण विमान होतं. सकाळी दक्षिणेकडून, वाडीतल्या मोठ्या चिंचेच्या मागून, आधी नुसता घुमारा यायचा. विमान नजरेला पडायच्या आतच मोटेचे बैल थांबायचे. विमान गेलं की बा त्यांना सोडून पुढ्यात कडबा टाकायचा, हे त्या मुक्या जनावरांनी दोन महिन्यांत ओळखलं होतं. घुमारा कानी पडला की मोट विहिरीत अर्ध्यावर लोंबकळत असली तरी ते पुढे पाऊल टाकायचे नाहीत. बा शिव्या द्यायचा, पण त्यात फार जोर नसायचा, कारण तोही भुकेला असायचा. शेजारच्या पऱ्हाटीत कापूस वेचणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. आणि घरातून मायची हाक यायची, "कौसे, इमान आलं वं, दही झाक!" विमानाच्या घरघरीनं दह्याला पाणी सुटतं असं तिचं ठाम मत होतं. मी पुढे तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, शास्त्रही शिकवलं, या मताला कुठल्याच पुस्तकात आधार सापडला नाही. तरी आजही माझ्या नागपूरच्या घरावरून विमान गेलं की हात ताटलीकडे जातो.

मग न्याहारी. ज्वारीची भाकर, लसणाची फोडणी दिलेली अंबाडीची भाजी, ठेचा, आणि थंडीच्या दिवसांत आमच्याच वाडीतल्या वांग्यांचं भरीत. आम्ही माळी. पैनगंगेच्या अलीकडच्या काठाला आमची वाडी होती, त्यात वांगी, मिरच्या, कांदे, मेथी. बा दर बाजाराला गाडी भरून आदिलाबादला न्यायचा. त्याच्या टोपलीची तिथे एक ख्याती होती. बाकीचे लोक चांगला माल वर मांडतात आणि किडका तळाशी दडवतात, हे जगात सगळीकडेच चालतं. बा किडकी वांगी सगळ्यांत वर ठेवायचा. "वरचे चार किडके हायेत," असं आधीच सांगायचा, "खालचे डोळे लावून घ्या." गिऱ्हाईक डोळे मिटूनच घ्यायचं. त्या बाजारात बाच्या टोपलीत खालपर्यंत हात घालून पाहिलेला माणूस मी कधी बघितला नव्हता. माय म्हणायची, "असा धंदा करते का कोणी? बावळटच हाय हा मानूस." पण हे ती आम्हालाच सांगायची, शेजारणीला नाही.

नदीच्या अलीकडे निजामाचं राज्य आणि पलीकडे इंग्रजाचं, असं मी लहानपणी ऐकलेलं. मग दोघंही गेले आणि नदी राहिली. पलीकडे आमचे निम्मे सोयरे होते. त्यांतली माझी सगळ्यांत लांबची आणि सगळ्यांत लाडकी म्हणजे नागपूरची सुभद्रामावशी. तिचे यजमान कापडाच्या गिरणीत होते, तिला मूलबाळ नव्हतं, आणि "कौसीले माह्यापाशी धाडा, मी तिले शिकवतो" असा निरोप ती दरवर्षी दिवाळीला पाठवायची. तिच्याकडे जायचं तर गाडी नदीतून उतरवायची, वणीपर्यंत बैलांनी रखडायचं, पुढे आगगाडी. सगळे मिळून दोन दिवस, नदीला पाणी असलं तर देवाची मर्जी. आणि विमान? ते आमच्या चिंचेवरून मावशीच्या गावाला जाऊन उतरत होतं. सोनेगावच्या विमानतळावर ते उतरतं, तिथून मावशीचं घर टांग्यानं काहीच नाही, हे मावशीनंच सांगितलं होतं. मी विमानाकडे बघायची ती या हिशेबानं. माझ्या हाताचा भरताचा वास जायच्या आत ते तिथं पोचत असेल असं वाटायचं.

गावच्या शाळेत पूर्वी उर्दू होतं. पोलीस अॅक्शन झाली, मौलवीसाब एक दिवस पेटी बांधून निघून गेले, काही महिने शाळेत बकऱ्या बसल्या, आणि मग यवतमाळकडचे दामू मास्तर आले. उंच, खांद्यात वाकलेले, शब्द तोलून बोलणारे. त्यांना चावडीच्या माळ्यावर एक भिंतीवरचं घड्याळ सापडलं. किल्ली दिली तर चालू झालं! पण वेळ कुठली लावायची? सूर्य डोक्यावर आला की बारा, एवढंच गावाला ठाऊक. शंकरराव पटवारी तिथंच पान लावत बसले होते. ते हैदराबादला कचेरीच्या कामानं जाऊन-येऊन असायचे, विमानाचं छापील वेळापत्रक त्यांच्या खिशात असायचं, विमानात मात्र ते आयुष्यात बसले नाहीत. ते म्हणाले, "बेगमपेठेतून साडेआठला उडते, नागपूरला दहा-दहाला उतरते. आपल्या डोक्यावर यायला घंटाभर लागत असंल. विमान आलं की साडेनऊ लावून टाका मास्तर, खटका मिटला." मास्तरांनी लावून टाकले. ते घड्याळ दिवसाला दहा-पंधरा मिनिटं मागं पडायचं, म्हणून विमान आलं की रोज कुणीतरी स्टुलावर चढून काटा साडेनऊवर आणायचा असं ठरलं. ते काम मास्तरांनी मला दिलं. शाळेत मुली तीन, त्यांत मी उंच, आणि पोट्ट्यांच्या हाती काच टिकत नाही, अशी त्यांनी कारणं दिली. मला तर जिल्ह्याची कलेक्टर झाल्यासारखं वाटलं. दोन वर्षं मी ते काम इमानेइतबारे केलं, आणि शाळेच्या दिवशी दही मायनं स्वतः झाकलं.

त्याच सुमारास राज्यं पुन्हा वाटणार, भाषा बघून गावं इकडची तिकडे करणार, अशी बोलणी सुरू झाली. आमचं गाव मराठी, पण जिल्हा हैदराबादकडचा, आणि तो तेलुगू राज्यात जाणार असं दिसत होतं. चावडीवर रोज बैठक. मोठ्या माणसांना कशाकशाची काळजी होती ते मला नीट आठवत नाही. माझी काळजी मात्र एकच होती आणि ती मला चोवीस तास पुरत होती. गावची शाळा चौथीला संपायची, आणि मी चौथीत होते. बा एका संध्याकाळी जेवता जेवता म्हणाला, "गाव तिकडं गेलं त कौसीले नागपूरले धाडू. शिकू दे. पन इकडंच राह्यलं त मराठी शिकून का करन थे? इथं तेलुगू येनाऱ्याले पुसतीन." माय लगेच म्हणाली, "मंग वांकिडीचं पक्कं करा." वांकिडीला माझा मामा होता आणि मामाला एक मुलगा होता. मुलगा वाईट नव्हता. त्याला शिंगं नव्हती की शेपूट नव्हतं, पण मला तो नको होता, मला पाचवी हवी होती. म्हणजे आता बोला, दिल्लीत कुणीतरी नकाशावर रेघ मारणार आणि ती चिंचेच्या कुठल्या अंगानं जाते त्यावर मी अंकगणित शिकणार की वांकिडीत भाकरी थापणार हे ठरणार होतं.

सगळीच गावं दरखास्ती लिहीत होती. आमची भाषा मराठी, आमच्या लेकी तिकडे दिलेल्या, आमचा कापूस तिकडे विकतो. शंकरराव म्हणाले, "हे तर सब लिहितात. आपल्याला काही ठोस सबूत पायजे." बैलगाडीनं मोजावं तर हैदराबादचा रस्ता चांगला आणि नागपूरच्या वाटेत बिनपुलाची नदी, त्या हिशेबानं आपलाच दावा बुडायचा. तेव्हा दामू मास्तर म्हणाले, "विमान वळणं घेत नाही. ते सरळ जातं." मास्तरांनी शाळेचा नकाशा आणला, पट्टी लावली, हैदराबाद ते नागपूर सरळ रेषेत दोनशे साठ मैल निघाले. वेळापत्रकानं शंभर मिनिटं. आमच्यावर विमान कधी येतं? "साडेनऊला," सगळं गाव एकदम म्हणालं. माझ्याकडे बोट दाखवून मास्तर म्हणाले, "हिला द्या, ही करील." मी चावडीच्या जमिनीवर कोळशानं त्रैराशिक मांडलं. शंभर मिनिटांत दोनशे साठ, तर साठ मिनिटांत एकशे छप्पन. उरलेल्या चाळीस मिनिटांत एकशे चार. नागपूर आम्हाला हैदराबादपेक्षा बावन्न मैलांनी जवळ! लोकांनी मला उचलून घ्यायचं बाकी ठेवलं. एक म्हातारा म्हणाला, "पोट्टीनं इमानाले साक्षीले आनलं." शंकररावांनी ते सुंदर अक्षरात लिहिलं, सगळ्या गावानं खाली अंगठे उमटवले. बानंही उमटवला, आणि शाईचा अंगठा घरी येऊन मायला दाखवला.

ती दरखास्त गेल्यावर महिन्याभरानं, धुक्याच्या दिवसांत, एका सकाळी विमान आलंच नाही. साडेनऊ झाले, दहा झाले. वर्गात दारातून उन्हाचा एक पट्टा यायचा. विमानाच्या वेळेला तो उंबऱ्यावर असायचा. त्या दिवशी तो उंबरा ओलांडून मास्तरांच्या खुर्चीच्या पायाशी आला. पोरं भुकेनं चुळबुळायला लागली. घड्याळात साडेदहा झाले आणि घुमारा आला. मी सवयीनं स्टुलावर चढले आणि काटा मागे ओढून साडेनऊवर आणला. एक पोरगा म्हणाला, "मास्तर, सुट्टी कवा?" मास्तरांनी घड्याळाकडे पाहून सांगितलं, "अजून दहासुद्धा वाजले नाहीत." पोरगा म्हणाला, "मंग पोटात काऊन वाजून राह्यले?" सगळे हसले. मी हसले नाही. मी स्टुलावरच उभी होते आणि माझा हात अजून काट्यावर होता. विमान साडेनऊला येतं हे आम्ही घड्याळात पाहून सांगत होतो, आणि घड्याळात साडेनऊ वाजत होते ते विमान आलं म्हणून. शंकररावांचं "घंटाभर लागत असंल" एवढाच काय तो आधार, बाकी सगळं मी स्टुलावर चढून रोज आपल्या हातानं केलेलं. दोन वर्षं! आणि गणित मांडताना ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माझ्याच काय, कुणाच्याच नाही.

सुट्टीत मी मास्तरांना सांगितलं. त्यांनी खडू खाली ठेवला. माणूस खोटा नव्हता, हे मी आजही म्हणेन. "कौसल्या," ते म्हणाले, "दरखास्त गेली. अख्ख्या गावाचे अंगठे आहेत तिच्यावर. आता आपणच चुकलो म्हणून सांगितलं तर भाषेचं, सोयऱ्यांचं जे खरं आहे तेही खोट्यात जाईल." मग दाराकडे बघून हळूच म्हणाले, "कुणी विचारायचं नाही. विचारलंच तर सांग, आदिलाबाद स्टेशनच्या घड्याळाशी मिळवतो." ते पुन्हा माझ्याकडे वळले. "तुला नागपूरला जायचंय ना?" त्यांनी विचारलं. मला नागपूरला जायचं होतंच, त्यामुळे मी मान हलवली आणि बाहेर जाऊन डबा खाल्ला. भूक चांगली लागली होती, हे मुद्दाम लिहिते, कारण अशा वेळी घास घशाखाली उतरत नाही असं लोक लिहितात.

राज्यं वाटायला आलेल्या साहेबांपुढची पेशी, म्हणजे सुनावणी, आदिलाबादला डाकबंगल्याच्या आवारात होती. आम्ही आदल्या दिवशीच गाडीनं जाऊन धर्मशाळेत उतरलो: बा, मी, मास्तर, शंकरराव आणि गावचे दहा-बारा जण. शंकररावांनी मला मुद्दाम आणवलं होतं. आवारात माणूस मावत नव्हता, तेलुगू गावंही त्यांच्या दरखास्ती घेऊन आली होती आणि आमच्यासारखीच घामाघूम झाली होती. साहेब परमुलखातला, वयस्क, गोड बोलणारा. आमचा कागद वाचताना तो मध्येच थांबला आणि हसला. "यह हवाई जहाज़ का हिसाब किसने किया?" शंकररावांनी मला पुढे ढकललं, "हमारे गाँव की बच्ची है हुज़ूर, यहीं खड़ी है." साहेबानं मला जवळ बोलावून तोंडी विचारलं, साठ मिनिटांत किती, चाळीस मिनिटांत किती. मी घडाघडा सांगितलं. "वाह," तो म्हणाला, आणि बाकीच्या साहेबांना इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मी मागे पाहिलं. गर्दीच्या कडेला पागोटं सारखं करत बा उभा होता आणि हसत होता. बाचे दात मी फार कमी वेळा पाहिले आहेत.

मग साहेबानं, अगदी प्रेमानं, विचारलं, "और बेटी, स्कूल की घड़ी मिलाते किससे हो?"

मास्तर जमिनीकडे बघायला लागले. मला सुभद्रामावशीच्या घराचा जिना दिसला, मी तो कधी पाहिला नव्हता तरी. "आदिलाबादच्या टेशनवरून," मी म्हणाले.

"स्टेशन तो तुम्हारे गाँव से बीस-बाईस मील है. मिलाकर कौन लाता है?"

मास्तरांनी पढवलेलं खोटं इथं संपलं होतं. पुढचं माझं स्वतःचं. "माहा बा आनते. बाजाराच्या दिवशी."

साहेबानं बाला पुढे बोलावलं. बा हात जोडून आला. हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं. "आपके पास घड़ी है?" "नाही जी." "फिर यहाँ से टाइम ले कैसे जाते हो?" बानं माझ्याकडे एकदा पाहिलं. एकदाच. त्याला सगळं कळलं होतं. शाळेतलं घड्याळ मी कशावरून लावते हे त्याला मीच रोज रात्री जेवताना फुशारकीनं सांगत आले होते. किडकी वांगी वर मांडणारा माणूस. तो साहेबाकडे वळला आणि म्हणाला, "ध्यानात ठेवून नेतो, सायेब."

सगळं आवार हसलं. तेलुगूवाले हसले, मराठीवाले हसले, दुभाष्यानं सांगितल्यावर दुसरे साहेबही हसले. बैलगाडीत बसून बावीस मैल टाइम ध्यानात ठेवून नेणारा माणूस! आमच्या साहेबानं हसता हसता कागद उलटा ठेवला आणि पुढच्या गावाचं नाव पुकारलं. मला त्याचा राग आला नाही, आजही नाही. त्यानं सरळ प्रश्न विचारला होता. माझ्या जन्मात मी पुष्कळ चुका केल्या, पण बाच्या त्या जोडलेल्या हातांइतकी लाज मला दुसऱ्या कशाची वाटली नाही.

परतताना गाडीत आम्ही दोघंच होतो, बाकीचे दुसऱ्या गाडीनं पुढे गेले होते. बानं नेहमीसारखे मला भजे घेऊन दिले होते. निम्म्या वाटेवर नाल्यात त्यानं बैल पाण्यावर सोडले आणि त्यांच्याकडे बघत म्हणाला, "घड्याळ त तू इमानावरून लावते."

"हो."

"मंग एवढं सांग. गावासाठी बोल्ली का तुह्यासाठी?"

"गावासाठी" हा शब्द अगदी जिभेवर होता. तो म्हटला असता तर सुटले असते. पण बैल पाणी पीत होते, बा त्यांच्याकडे बघत होता, आणि मला तो शब्द उच्चारवेना. दुसराही उच्चारवेना. "मले माईत नाही, बा," मी म्हणाले.

"बरं," बा म्हणाला. "माईत झालं का सांगजो."

पुढे रेघ मारली गेली. किनवट तिकडे गेलं, राजुरा तिकडे गेलं, आमचं गाव राहिलं. टेबलावर दरखास्तींचा ढीग होता, त्यात आमच्या बावन्न मैलांनी काही हललं असेल किंवा अडलं असेल असं मला वाटत नाही. गावाला मात्र तसं वाटत नव्हतं. निम्मे लोक म्हणायचे, एवढा पक्का हिशेब दिला तरी सरकारनं ऐकलं नाही. उरलेले, बाच्या उत्तरानं दावा अडला म्हणून, त्याची थट्टा करायचे. "काय गा, टाइम आनला का?" बाजारातून परतताना दर वेळी कुणीतरी विचारायचं. बा म्हणायचा, "आनला होता, नाल्यात सांडला." असं तो हसून म्हणायचा. पण त्या हिवाळ्यात मी त्याच्यासोबत एकदा बाजाराला गेले, तेव्हा एका ओळखीच्या गिऱ्हाईक बाईनं, हसत हसतच, त्याच्या टोपलीत कोपरापर्यंत हात घालून तळचं वांगं वर काढून पाहिलं. वांगं चांगलं निघालं. बानं तराजू उचलला.

मृग लागायच्या आधी, नदीला पाणी यायच्या आत, बानं गाडी जुंपली आणि माझी पेटी वर ठेवली. माय दारात उभी. "गाव त गेलं नाही तिकडं, मंग पोट्टी काऊन जाते? भावाले म्या काय सांगू?" बा बैलांच्या वेसणी बघत म्हणाला, "तिच्याकडं माहं एक उत्तर राह्यलं हाय. थे तिले इथं सापडत नाही." मायला यातलं अवाक्षर कळलं नाही. तिनं मला दशम्या बांधून दिल्या आणि रडली. मी रडले नाही, मी आनंदात होते. असं लिहायला बरं वाटत नाही, पण होते.

नागपूरला शिकले, तिथंच शिक्षिका झाले. वांकिडीच्या मुलाचं लग्न दुसरीकडे झालं, सुखाचा संसार झाला. सुट्टीत गावी गेले की वाटायचं, आज बा विचारील. तो कांद्याचा भाव विचारायचा, मावशीचा गुडघा विचारायचा. मी मास्तरीण झाले त्या वर्षी त्याच्यासाठी मनगटी घड्याळ घेऊन गेले. त्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं, कानाला लावलं आणि म्हणाला, "उत्तर आनलं का घड्याळ आनलं?" मी हसले. "बा, तुमाले अजून याद हाय का थे?" असं म्हणून मी चहा करायला आत गेले. तो घड्याळ मनगटाला बांधत होता, बक्कल त्याला जमत नव्हतं. पुढच्या चैत्रात तो गेला. गावात त्याला शेवटपर्यंत 'टाइमवाला बुढा' म्हणायचे. का म्हणायचे ते नव्या पोरांना ठाऊकही नव्हतं. घड्याळ माझ्याकडे परत आलं.

परवा हैदराबादला भाचीकडे डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं आणि तिनं मला परतीच्या विमानात बसवून दिलं. म्हातारपणी पहिल्यांदाच या वाटेनं. मी खिडकी मागून घेतली. पंचावन्न मिनिटांत नागपूर, असं बाईनं सांगितलं. चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा मी बाच्या घड्याळात पाहिलं. नव्या डोळ्यानं खाली सगळं स्वच्छ दिसत होतं. डोंगर सरले, शेतं आली, मग पैनगंगेच्या वाळूचा पांढरा पट्टा वळणं घेत आडवा आला आणि मी पुन्हा घड्याळ पाहिलं. तेहतीस मिनिटं. पंचावन्नातली तेहतीस, म्हणजे शंभरातली साठ. शंकररावांनी पान लावता लावता केलेला अंदाज मिनिटाला मिनिट बरोबर होता. बावन्न मैलही बरोबर. शाळेत मात्र रीत चुकलेल्या बरोबर उत्तराला मी तीस वर्षं शून्य देत आले.

चिंच काही दिसली नाही, ती केव्हाच तोडली म्हणतात. नदी मागे पडायला लागली तशी मी काचेशी तोंड नेलं आणि बोलले. शेजारच्या मुलानं कानातलं काढून विचारलं, "कुछ कहा आपने, आंटी?" तुझ्यासाठी नव्हतं म्हटलं. मग पुन्हा, बाला जरा मोठ्यानं बोललेलंच ऐकू यायचं म्हणून, मोठ्यानं म्हणाले, "माह्यासाठी, बा. माह्यासाठी बोल्ली."